ईडीएसएलिम वाढवायचा की रिजन फोडायचा?

शून्यपान (धागाकर्ती)

मंडळी, सीआयसीएसच्या (आयबीएम मेनफ्रेमवर ट्रॅन्झॅक्शन चालवणारी प्रणाली) एका एओआरबद्दल, म्हणजे आपले प्रोग्राम जिथे चालतात त्या रिजनबद्दल, मतं हवी आहेत. आकडे असे:

आवृत्ती ५.४. जेसीएलमध्ये (जॉब सुरू करणाऱ्या सूचनांत) रिजन ०एम, म्हणजे मिळेल तेवढी जागा; मेमलिमिट (२ जीबीवरच्या जागेची कमाल) १० जीबी. डीएसएलिम (सीआयसीएसच्या १६ एमबीखालच्या जागेची, म्हणजे डीएसएची, कमाल) ५ एमबी, ईडीएसएलिम (१६ एमबीवरच्या ईडीएसएची कमाल) ८०० एमबी. एमएक्सटी (एका वेळच्या टास्कांची कमाल) ३००. स्टोअरेज प्रोटेक्शन चालू, ट्रॅन्झॅक्शन आयसोलेशनही चालू. बहुतेक सगळं कोबोल आणि डीबी२ (डेटाबेस), वर चिमूटभर जुनं असेंब्लर.

महिनाअखेरीस दुपारी डीएफएचएसएम०१३३ येतो, म्हणजे १६ एमबीच्या रेघेवर जागेची चणचण. दोन-तीन मिनिटांनी ०१३४ येऊन गाडी रुळावर येते. तेवढ्यात तीनेकशे टास्क अडकून बसतात. एलपारमध्ये (मेनफ्रेमच्या आमच्या विभागात) खरी मेमरी ढिगाने मोकळी आहे. ईडीएसएलिम सरळ १४०० करावा असा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत?

बाराची_गाडी

हरकत आहे. "खरी मेमरी मोकळी आहे" हे वाक्य या चर्चेतून आधी काढून टाका. इथे रॅम संपत नाहीये, पत्ते संपताहेत.

१९६४ च्या सिस्टम/३६० मध्ये पत्ता २४ बिटांचा होता, म्हणून १६ एमबी. १९८३ मध्ये एमव्हीएस/एक्सए ही ऑपरेटिंग सिस्टम आली आणि पत्ता ३१ बिटांचा झाला, म्हणून २ जीबी. ३२ का नाही? कारण सगळ्यात वरचा बिट आधीच कामात होता. पॅरामीटरच्या यादीतला शेवटचा पत्ता ओळखायला जुने प्रोग्राम तोच बिट उचलून ठेवत, आणि ए-मोड (प्रोग्राम किती बिटांचे पत्ते वापरतो) २४ की ३१ हेही त्याच बिटावरून कळतं. २००० मध्ये झेड-आर्किटेक्चरने ६४ बिट दिले, पण जुनी घरं पाडली नाहीत. त्यामुळे आजही एकाच अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये तीन मजले आहेत: १६ एमबीच्या रेघेखालचा, रेघ ते २ जीबीचा बार यांमधला, आणि बारच्या वरचा. तुमचा कोबोल मधल्या मजल्यावर राहतो. मशीनमध्ये आणखी टेराबाइट घातला तरी मधला मजला एक इंचही वाढत नाही.

आता त्या मजल्यावर तुमचा वाटा किती ते बघू. २०४८ मधून १६ गेले. उरलेल्यातून ईसीएसए, ईएसक्यूए, ईएलपीए आणि न्यूक्लियसचा वरचा भाग जातो. ही सामाईक जागा एलपारमधल्या प्रत्येक अ‍ॅड्रेस स्पेसमधून वजा होते, तुम्ही ती वापरा अथवा नका वापरू. ती ५५० एमबी धरली तर तुमच्या हाती १४८० च्या आसपास राहते. त्यात १४०० ईडीएसएला दिले तर ८० उरले. व्हीसॅम फाइलींचे सामाईक (एलएसआर) बफर कुठे बसणार? डीबी२ चे थ्रेड, एमव्हीएसने उघडलेले टीसीबी (टास्कचे नियंत्रण ब्लॉक), एलएसक्यूए (सिस्टमने रिजनमध्ये स्वतःसाठी घेतलेली जागा) कुठे? यातलं काहीच ईडीएसएत नसतं. सगळं बाहेर, त्याच प्रायव्हेट भागात.

हेक्सडंप

+१. आणि जागा बाहेर संपली तर काय होतं तेही लिहून ठेवा. ईडीएसएच्या आत जागा संपली तर सीआयसीएस सांभाळून घेतं: न वापरातले प्रोग्राम काढतं, राखीव कुशन सोडतं, टास्क रांगेत उभे करतं, ०१३३ छापतं. बाहेर जागा संपली तर एमव्हीएस गेटमेन (जागेची मागणी) नाकारतो आणि एस८७८-१० किंवा एस८०ए अ‍ॅबेंड येतो, म्हणजे काम मध्येच पडतं. तो कुठल्या टीसीबीवर येईल याचा नेम नाही. नशीब चांगलं असेल तर एक डीबी२ कॉल पडतो, वाईट असेल तर अख्खा रिजन.

एसओएस (शॉर्ट ऑन स्टोअरेज, म्हणजे ०१३३ ची अवस्था) म्हणजे तिकीट खिडकीवरची रांग. ८७८ म्हणजे स्टेशनचं छप्पर कोसळणं. पहिलं टाळायला दुसरं ओढवून घेऊ नका.

शून्यपान

पटलं. पण आमच्या एलपारवर खरा आकडा किती हे डंप न घेता कसं कळेल?

बाराची_गाडी

डीएफएच०स्टॅट चालवा, म्हणजे स्टॅट हे ट्रॅन्झॅक्शन. स्टोअरेजच्या पानावर रेघेखालचा आणि रेघेवरचा असे दोन रकाने येतात: प्रायव्हेट एरियाचा आकार, एलएसक्यूए-एसडब्ल्यूएने गाठलेली कमाल, यूजर स्टोअरेजची कमाल, आणि अजून उपलब्ध असलेली प्रायव्हेट जागा. हे शेवटचं तुमचं खरं भांडवल. मात्र गर्दीचा दिवस उलटून गेल्यावर आणि रिजन खाली आणण्याआधी घ्या. सकाळी सातला घेतलेला रिपोर्ट शोभेचा.

रिजन ०एम आहे म्हणून सगळं मिळतंच असंही नाही. आयईएफयूएसआय एक्झिट (रिजनची मर्यादा ठरवणारं साइटचं कोड) मध्ये बसून कात्री लावू शकते. प्रायव्हेटचा आकार आणि मिळालेला रिजन यांत मोठी तफावत दिसली तर तिकडे बघा.

एक उपप्रश्न सगळेच विसरतात: सीएसए (रेघेखालची सामाईक जागा) थोडा वाढवला तर काय बिघडतं? सामाईक भागाची सीमा पूर्ण १ एमबीवर सरकते. रेघेखाली एकूण प्रायव्हेट ८ ते १० एमबीच. कोणीतरी सीएसएत २०० केबी वाढवले, सीमा ओलांडली, की पुढच्या आयपीएलनंतर (सिस्टम रीस्टार्टनंतर) प्रत्येक सीआयसीएसचा खालचा १ एमबी गेला. ज्यांचा डीएसएलिम काठावर होता ते रिजन मग सकाळी उठतच नाहीत, आणि सगळे सीआयसीएसमध्ये काय बदललं ते शोधत बसतात.

कोबोलकाकू

शून्यपान, आधी हे सांग की ८०० एमबी खाल्ले कोणी. सीईएमटी आय डीएसएएस या आज्ञेत ईडीएसएचे भाग, म्हणजे ईसीडीएसए (सीआयसीएसचा), ईयूडीएसए (यूजर टास्कांचा), ईएसडीएसए (सामाईक), ईआरडीएसए (फक्त वाचायच्या प्रोग्रामांचा), वेगवेगळे दिसतात. चणचणीच्या वेळचे आकडे दे. आणि त्या क्षणी टास्क किती होते?

शून्यपान

इंटरव्हल स्टॅटिस्टिक्समधले कमाल आकडे: ईयूडीएसए ५६०, ईआरडीएसए १३०, ईसीडीएसए ९५, बाकी किरकोळ मिळून १५. बेरीज बरोब्बर ८००. टास्क २८०.

अडकलेले टास्क सीईएमटी आय टास्कमध्ये ईयूडीएसएसाठी थांबलेले दिसतात. सर्वाधिक चालणाऱ्या ट्रॅन्झॅक्शनचा रेघेवरचा यूजर स्टोअरेजचा हाय वॉटर मार्क साधारण १.१ एमबी आहे.

कोबोलकाकू

सापडलं बघ. ५६० भागिले २८०, म्हणजे टास्कमागे पुरे २ एमबी. वापर मात्र १.१.

ट्रॅन्झॅक्शन आयसोलेशन बंद असताना ईयूडीएसएचं पान ६४ केबीचं असतं. चालू केलं की ते १ एमबीचं होतं, कारण प्रत्येक टास्कला स्वतःची सबस्पेस मिळते आणि वेगळेपणा सेगमेंटच्या पातळीवर पाळला जातो. यूजर कीमधल्या टास्कने १० केबी मागितले तरी पत्त्यांमधून १ एमबी गेला. १.१ एमबी मागितले तर २ गेले. त्या वरच्या पॉइंट एकने तुझे २८० एमबी खाल्ले आहेत. रॅम तेवढी लागत नाही, कारण न शिवलेल्या पानांना फ्रेम मिळत नाही. म्हणून तर एलपारमध्ये मेमरी मोकळी दिसते.

तिसरी_पाळी

मग सोपं आहे, ट्रॅनआयएसओ नो (आयसोलेशन बंद) करून रिजन परत चढवा. ५६० चे तीनशेच्या आसपास होतील. धागा संपला.

हेक्सडंप

इतकं सोपं नको, राव. स्टोअरेज प्रोटेक्शन सीआयसीएसला तुमच्या प्रोग्रामपासून वाचवतं. आयसोलेशन एका टास्कला दुसऱ्या टास्कपासून वाचवतं. ते काढलं की चुकीच्या सबस्क्रिप्टने शेजारच्या टास्कच्या वर्किंग स्टोअरेजमध्ये लिहिता येतं. सीआयसीएस प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ८-८ बाइटांचे तपासणीचे पट्टे ठेवतं. ते बिघडले तर डीएफएचएसएम०१०२ येतो, पण तो जागा सोडताना, म्हणजे गुन्हेगार निघून गेल्यावर. आणि पट्टा ओलांडून थेट मधोमध लिहिलं तर काहीच येत नाही. कोणाच्या तरी खात्यावर चुकीची रक्कम दिसते, एवढंच.

ज्या रिजनमध्ये टेबलांच्या सबस्क्रिप्टची तपासणी न करता संकलित केलेलं कोबोल आहे, तिथे मी आयसोलेशन काढायला सांगणार नाही. फक्त वाचणाऱ्या चौकशीच्या रिजनमध्ये काढा, खुशाल.

तिसरी_पाळी

चौकशीचा रिजन असला तरी चुकीची शिल्लक दाखवणं चुकीचंच ना? पण मुद्दा मान्य. एसएसरेंज (सबस्क्रिप्ट तपासणारा पर्याय) लावून संकलित केलेलं असेल तर?

हेक्सडंप

तर बऱ्यापैकी निश्चिंत. एएसआरए अ‍ॅबेंडचा, म्हणजे प्रोग्राम चेकचा, धोका उरतोच, पण तो निदान ज्याचा त्याला होतो. सीपीयू थोडा वाढतो तो मोजून घ्या.

कोबोलकाकू

दोघांच्या मध्ये तिसरी वाट आहे: १.१ ला १ च्या खाली आणा. त्या ट्रॅन्झॅक्शनच्या प्रोग्रामांची संकलन यादी काढ आणि वर्किंग स्टोअरेजची लांबी बघ. माझा अंदाज, कुठेतरी शाखा-कोडचं किंवा दरांचं भलंमोठं टेबल ओसीसीयूआरएस लावून ठेवलेलं असणार.

शून्यपान

काकू, आहे. एकाच प्रोग्राममध्ये ७०० केबीचं टेबल. पहिल्या कॉलला डीबी२ मधून भरतं.

कोबोलकाकू

मग २८० टास्क, २८० प्रती, आणि डीबी२ वर २८० वेळा तेच वाचन. सीआयसीएसमध्ये प्रत्येक टास्कला वर्किंग स्टोअरेजची स्वतःची प्रत मिळते, प्रोग्राम रीएंट्रंट असला तरीही. रीएंट्रंट असतो तो कोड, डेटा नव्हे.

तीन पर्याय, माझ्या आवडीच्या क्रमाने.

टेबल दिवसभर बदलत नसेल तर व्हीसॅम केएसडीएसमध्ये (किल्लीने वाचायच्या फाइलीत) टाकून सीआयसीएस मेंटेन्ड शेअर्ड डेटा टेबल करा. रेकॉर्ड डेटा स्पेसमध्ये जातात, तुमच्या ३१ बिटांतून फक्त थोडे कंट्रोल ब्लॉक. प्रोग्रामात नुसता रीड. एक प्रत, सगळ्यांची.

महिनोन्महिने बदलत नसेल तर केवळ स्थिरांकांचं रीएंट्रंट लोड मॉड्यूल बनवा आणि एक्झेक सीआयसीएस लोड करून लिंकेज सेक्शनमधून वाचा. ते ईआरडीएसएत एकदाच बसतं. बदल झाला की नवी प्रत आणि न्यूकॉपी. कोणी त्यात लिहायला गेलं तर रेंटपीजीएम प्रोटेक्टमुळे तिथेच आपटतं, हे बरंच.

तिसरा, गेटमेन शेअर्ड करून पत्ता सीडब्ल्यूएमध्ये (रिजनभर सामाईक असलेल्या जागेत) ठेवणे. चालतं, पण शेअर्ड गेटमेन टास्क संपल्यावर आपोआप सुटत नाही आणि सीडब्ल्यूए आली की रिजन फोडताना अ‍ॅफिनिटी (एकाच रिजनशी बांधलेपण) पायात येते. मी टाळीन.

एलईचे (कोबोलच्या रनटाइमचे) पर्यायही सीएलईआर ट्रॅन्झॅक्शनने बघून घे. ऑल३१ ऑन आणि स्टॅक, हीप दोन्ही एनीव्हेअर हवेत. हीपची वाढ ४०८० दिसली तर "४०९६ करूया" म्हणून हात लावू नकोस. सीआयसीएस प्रत्येक तुकड्याला १६ बाइट पट्ट्यांसाठी जोडतं, ४०८० अधिक १६ मिळून एक पान पुरतं भरतं. ४०९६ केलंस तर प्रत्येक वाढीला दुसरं पान लागेल. आरपीटीएसटीजी ऑन फक्त चाचणीच्या रिजनमध्ये. अहवाल सीईएसई रांगेत येतो आणि उत्पादनात त्याचा खर्च परवडत नाही. स्टोअरेज पर्यायात सगळी हीप शून्यांनी भरायची सवय असेल तर तीही काढ, नुसता सीपीयू जाळते.

बाराची_गाडी

काकूंचं टेबल काढलं तर टास्कमागे १ एमबी, म्हणजे २८० चे २८० एमबी. ईडीएसएलिमला हात न लावता एकतृतीयांश ईडीएसए मोकळा.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. महिनाअखेरीस २८० टास्क का साचतात? सेकंदाला १०० ट्रॅन्झॅक्शन आणि प्रत्येकाला ०.५ सेकंद, तर एका वेळी ५० टास्क. तोच वेळ २.८ सेकंद झाला तर २८०. आवक तीच, जागा साडेपाचपट. एसएमएफ ११० च्या (सीआयसीएसच्या नोंदींच्या) परफॉर्मन्स रेकॉर्डमध्ये त्या दोन-तीन मिनिटांतला डीबी२ चा प्रतीक्षा वेळ बघा. मला वाटतं कुठलीतरी बॅच लॉक धरून बसते. तसं असेल तर ०१३३ हा ताप आहे, रोग दुसरीकडे.

शून्यपान

मग एमएक्सटी ३०० वरून ५०० केला तर निदान नवे टास्क एमएक्सटीपाशी अडणार नाहीत?

बाराची_गाडी

उलट करा. अडायचंच असेल तर दाराबाहेर अडू द्या. एमएक्सटीपाशी थांबलेला टास्क जवळजवळ काही खात नाही; आत येऊन ईयूडीएसएसाठी थांबलेला टास्क आधी घेतलेली जागा, डीबी२ थ्रेड आणि लॉक धरून थांबतो. म्हणून एसओएसमधून बाहेर यायला मिनिटं लागतात.

त्यातही अख्ख्या रिजनचा एमएक्सटी दाबण्याऐवजी त्या एका ट्रॅन्झॅक्शनला ट्रॅनक्लास (वेगळा गट) द्या आणि त्याचा मॅक्सअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे एका वेळची कमाल, १२० वगैरे ठेवा. बाकीच्यांना त्रास नको.

आणखी एक: ५.१ पासून एल८-एल९ टीसीबींची कमाल संख्या एमएक्सटीवरून ठरते, दुप्पट एमएक्सटी अधिक ३२. ३०० ला ६३२, ५०० ला १०३२. तेवढे खरोखर उघडतीलच असं नाही, डीबी२कॉनमधला टीसीबीलिमिट आवर घालतो. पण प्रत्येक टीसीबी एलएसक्यूएतून काही केबी रेघेखालचे घेतो. यूजर रिजन खालून वर चढतो, एलएसक्यूए वरून खाली उतरतो, आणि रेघेखाली दोघांमध्ये एखादा एमबीच मोकळा असतो. वरची अडचण सोडवायला गेलात आणि ८७८ खालून आला, असं होतं ते यामुळे.

प्रोग्रामर_नवा

मध्येच विचारतो, माफ करा. बारच्या वर १६ एक्साबाइट मोकळे असताना कोबोलचं वर्किंग स्टोअरेज तिकडे का नाही हलवत? मेमलिमिट १० जीबी आहेच ना.

हेक्सडंप

कारण सीआयसीएसमधला तुमचा कोबोल ए-मोड ३१ मध्ये चालतो, त्याच्या पॉइंटरला ४ बाइट. बारच्या वरचा पत्ता त्यात मावतच नाही. मेमलिमिट ५० जीबी केला तरी ०१३३ वर शून्य परिणाम.

वर काय गेलं आहे तर: कंटेनरचा (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा द्यायच्या डब्यांचा) डेटा, मुख्य मेमरीतल्या टीएस (तात्पुरत्या साठवणीच्या) रांगा, अंतर्गत ट्रेस टेबल, जेव्हीएम सर्व्हरची हीप. त्यामुळे फायदा अप्रत्यक्ष होतो. मात्र कंटेनरची एक गफलत बघा: डेटा वर राहतो, पण कोबोलने गेट कंटेनर केला की त्याची प्रत खाली ईयूडीएसएत येते. २० एमबीचं जेसन सेट पॉइंटरने एकदम उचललंत तर २० एमबी इथेच गेले. म्हणून मोठा कंटेनर बाइटऑफसेट देऊन तुकड्यातुकड्याने वाचा. नुसता कॉमएरिया (डेटा द्यायची जुनी पद्धत, मर्यादा ३२ केबी) होता तेव्हा हा अतिरेक शक्यच नव्हता.

१० जीबी हा आताच्या आवृत्त्यांचा किमान आहे, त्याहून कमी दिला तर रिजन उठणारच नाही. टीएसमेनलिमिट (त्या टीएस रांगांची कमाल) वाढवायचा झाला तर तो मेमलिमिटच्या २५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आणि नोलिमिट देऊ नका. लूपमध्ये सापडलेला एखादा टास्क मग एलपारचं पेजिंग खाईल, आणि तेव्हा खरी मेमरीही मोकळी राहणार नाही.

तिसरी_पाळी

जुन्या असेंब्लरचं कोणी बोललं नाही. साखळीत एक जरी ए-मोड २४ चा प्रोग्राम असेल आणि ट्रॅन्झॅक्शनला टास्कडेटालोक (टास्कचा डेटा रेघेच्या वर की खाली) एनी असेल तर एईझेडसी अ‍ॅबेंड येतो. मग घाईत कोणीतरी टास्कडेटालोक बिलो करतं, तेही ग्रुपमधल्या सगळ्या ट्रॅन्झॅक्शनना. एलईमध्येही ऑल३१ ऑफ आणि स्टॅक बिलो करावं लागतं. ५ एमबीच्या डीएसएत २८० टास्कांचे स्टॅक उतरले की ०१३३ ऐवजी ०१३१, म्हणजे रेघेखालची चणचण, बघायला मिळेल.

रिजनभर बदलू नका. ज्या मूठभर ट्रॅन्झॅक्शनना गरज आहे तेवढ्याच वेगळ्या करा आणि त्या असेंब्लरचा स्रोत सापडत असेल तर ३१ मध्ये आणा. वरचा बाइट झेंड्यासाठी वापरलाय का, आणि पत्ता तीन बाइटांत साठवलाय का, या दोन गोष्टी शोधल्या की बहुतेक काम होतं.

शून्यपान

अहवाल: उपलब्ध एक्स्टेंडेड प्रायव्हेट २६० एमबी निघाला, ईडीएसएचे ८०० वजा झाल्यावर. लोडरच्या आकड्यांत "कॉम्प्रेशनने काढलेले प्रोग्राम" हा आकडा ०१३३ च्या आधी वीस मिनिटांपासून चढताना दिसतो.

टेबल शेअर्ड डेटा टेबलमध्ये जाईल, ट्रॅनक्लास १२० लागेल. तोवरच्या महिनाअखेरीसाठी ईडीएसएलिम किती वाढवता येईल? आणि रिजन फोडायचा का?

बाराची_गाडी

२६० मधले १५० तरी बाहेर राहू द्या. ९०० करा, फार तर. सीईएमटी सेट डीएसएएसने चालू रिजनमध्ये होतं, एसआयटीतही (स्टार्टच्या पर्यायांच्या तक्त्यात) लिहा नाहीतर पुढच्या स्टार्टला परत ८००. वाढवणं झटकन होतं, कमी करणं नाही: १ एमबीचा एक्स्टेंट पूर्ण रिकामा असेल तरच परत देता येतो, त्यात एक तुकडा अडकला तरी तो तसाच राहतो. ईसीडीएसएसझेडई वगैरेंनी आकार ठोकून बसवू नका. सगळे शून्य ठेवा, म्हणजे रिकामे एक्स्टेंट गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातात.

तो कॉम्प्रेशनचा आकडा पहाऱ्यावर ठेवा, ०१३३ पेक्षा आधी तोच सांगतो.

फोडण्याबद्दल: टेबल काढून आणि ट्रॅनक्लास लावूनही कमाल ७०० च्या वर राहिली तर दोन एओआर करा. त्याआधी स्थानिक टीएस रांगा, सीडब्ल्यूए, शेअर्ड गेटमेन आणि रिजनपुरते एन्क्यू (प्रोग्रामने घेतलेली कुलपं) यांची यादी काढा. टीएस रांगा कपलिंग फॅसिलिटीतल्या (अनेक सिस्टममध्ये सामाईक मेमरी) शेअर्ड पूलमध्ये नेता येतात, एन्क्यूला सिसप्लेक्स (एकत्र जोडलेल्या सिस्टम) स्कोप देता येतो. सीडब्ल्यूएतल्या मोजणीसाठी नेम्ड काउंटर (सगळ्या रिजनना सामाईक क्रमांक देणारे) आहेत.

शून्यपान

यादीत सीडब्ल्यूए निघाली. त्यात कोणीतरी पावती क्रमांक वाढवतंय.

कोबोलकाकू

मग फोडायचं नंतर. आधी नेम्ड काउंटर.